मणक्यांमधली गोळी

अन्नपूर्णा पायाळू होती, आणि नांदुऱ्याच्या भोवतालच्या दहा-बारा गावांत तिच्या नावाआधी तिचा पाय पोचलेला होता. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले, तिने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, याबद्दल त्या मुलखात कोणाचं दुमत नव्हतं. लहानपणी आभाळ गडगडलं की आई तिला घरात कोंडून ठेवायची, कारण पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते म्हणतात. लग्न होऊन ती रंगरावच्या घरी आली आणि त्याच पायाचं सोनं झालं. सकाळी सडा टाकायला बाहेर यावं, तर अंगणात कोणीतरी पालथं पडलेलंच असायचं. उपाशी पोटी यायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, तीनदा पाय लावून घ्यायचा आणि मागे न पाहता चालू लागायचं, असा रिवाज. बहुतेकांची पाठ चार दिवसांत आपोआप थांबणारच असायची, ती थांबायची. पण श्रेय पायाला. सासू गोजरबाई तर "आमच्या सुनेचा पाय" असं काही म्हणायची, की दुसऱ्या बायांनी "आमची दुभती म्हैस" म्हणावं.

अन्नपूर्णेला स्वतःला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. ती टाच नुसती टेकवायची. लोकांना बरं वाटतं ना, मग आपलं काय जातं, एवढाच तिचा विचार.

पौषात रंगरावने बैलांसाठी आणलेलं सरकीचं पोतं बैलबंडीतून एकट्यानेच पाठीवर घेतलं. धाकटा भाऊ निवृत्ती दोन हातांवर उभा होता, पण त्याला हाक मारली असती तर रंगराव कसला? पोतं खाली आलं आणि रंगराव वाकला तो वाकलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईने त्याला अंगणात पालथं पाडलं. घरात औषध असताना दूर कशाला जायचं, असा तिचा सूर. अन्नपूर्णेने एकदा टाच टेकवली, दुसऱ्यांदा टेकवली.

"अवं, काय गोंजारून राह्यली?" गोजरबाई म्हणाली. "घरचाच माणूस हाय. लाव जोरानं."

तिसऱ्यांदा अन्नपूर्णेने अंगाचा भार दिला. आत कडकन वाजलं. रंगराव असा ओरडला की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

"निंगाली! उसण निंगाली!" गोजरबाईने टाळी वाजवली आणि शेजारपाजारी गूळ वाटला. निवृत्ती हसला. घाम पुसत रंगरावसुद्धा हसला. जेवढा मोठा आवाज तेवढी मोठी उसण बाहेर पडली, असंच सगळ्यांना वाटलं. एकट्या अन्नपूर्णेला तसं वाटलं नाही. तिच्या टाचेखाली काहीतरी खचलं होतं. ते तिला त्याच क्षणी कळलं.

चौथ्या दिवशी रंगरावच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. महिन्याभरात तो पाय फरफटायला लागला. चौतीस वर्षांचा गडी, कांद्याची रोपं लावताना बायांना मागे टाकणारा, तो फळीवर आडवा झाला आणि पाच महिने आडवाच राहिला. शेक झाले, लेप झाले, नांदुऱ्याच्या डॉक्टरांची सुया-औषधं झाली. कूस बदलताना तो दातांत उपरण्याचं टोक धरायचा. अन्नपूर्णा त्याला धरून वळवायची आणि मनात एकच गोष्ट घोळवायची. बोलायची मात्र नाही. कोणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार?

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. खामगावला एका दानशूर शेठच्या नावाने नवा दवाखाना उभा राहिला होता, आणि विलायतेत शिकून आलेले हाडांचे एक डॉक्टर तिथे बसतात, ही बातमी निवृत्तीने आणली. जीपमध्ये गादी टाकून रंगरावला न्यायचं ठरलं. निघताना गोजरबाईने सुनेला चुलीपाशी ओढलं.

"दवाखान्यात पायाचं नाव काढजो नोको."

"काऊन, आत्याबाई?"

"डाक्तर लोकाईले त्यातलं काय समजते? हसतीन. अन् गावात उलटंसुलटं पसरलं, तं तुह्या पायाले लोक काय नावं ठेवतीन, इचार कर."

म्हणजे म्हातारीच्या मनातही ते होतंच. अन्नपूर्णा "हाव" म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

डॉक्टर चाळिशीतले, उंच, हातांची बोटं लांबलचक. बोलणं गोड, पण आपलं म्हणणं कोणी खोडावं अशी सवय नसलेल्या माणसासारखं. त्यांनी पाठीचे फोटो काढले, पायाला टाचणी टोचून पाहिली आणि विचारलं, "पाठीवर कधी मार बसला होता? पडला होता? कोणी जोरात दाबली, तुडवली?"

"नाही जी," निवृत्ती म्हणाला. "नुसतं पोतं उचललं."

तो खोटं बोलत नव्हता. मार शत्रू देतो, तुडवतो तो बैल. वहिनीने पाय लावणं यातल्या कशातच बसत नव्हतं. रंगरावनेही मान हलवली. डॉक्टरांनी अन्नपूर्णेकडे पाहिलं तेव्हा ती पदराचा काठ बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर खाटेपाशी खुर्ची ओढून बसले आणि सगळं समजावून सांगू लागले. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. रंगरावची फाटून बाहेर आली आहे आणि पायाच्या शिरेवर बसली आहे. आणखी सहा महिने असंच पडून राहता येईल. कधीकधी त्यानेही फरक पडतो, पण या पायाची ताकद तोवर टिकेल असं वाटत नाही. दुसरा मार्ग, बाहेर आलेला तुकडा कापून काढायचा. दुखणं जाईल, पण मधली जागा रिकामी राहील, मणके एकमेकांवर बसतील आणि वाकून करायचं काम बहुधा कायमचं सुटेल.

"मंग खाऊ काय?" रंगराव म्हणाला. "कांदा काही उभ्यानं लागत नाही."

"म्हणून तिसरा मार्ग." डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून एक डबी काढली. तिच्यात बोराएवढी, गुळगुळीत, चकचकीत पोलादाची गोळी होती. "फाटलेली गादी पूर्ण काढायची आणि तिच्या जागी ही ठेवायची. मणके हिच्यावर डोलतात. माणूस वाकतो, वळतो, चार-पाच महिन्यांनी शेतात जातो. मी तिकडे पाहिलंय, स्वतः केलंय."

गोळी हातोहात फिरली. अन्नपूर्णेच्या तळव्यावर आली तेव्हा तिला ती आकाराच्या मानाने फार जड वाटली.

रंगराव आडवा पडला होता, पण बैल घेताना दात मोजणारा माणूस तो. त्याने एकामागून एक विचारलं. किती जणांना गुण येतो? दहातल्या सातांना. उरलेल्या तिघांचं काय? एखाद्याला जखम चिघळते. एखाद्याचं दुखणं तसंच राहतं. आणि एखाद्याची गोळी खाली बसते.

"खाली म्हंजे?"

"हाडात रुतते. मग मणके पुन्हा टेकतात, शीर चेपते. फार झालं तर दोन्ही पाय जातात, लघवीवरचा ताबा जातो. पण तुमची हाडं फोटोत चांगली दिसतायत. हाड मुळात तडकलेलं असेल तर मी ही गोळी ठेवतच नाही. तडकलेल्या हाडावर ती टिकत नाही."

अन्नपूर्णेने गोळी पटकन डबीत टाकली. डॉक्टर उठून गेले. दोघे भाऊ बोलत राहिले. निवृत्ती म्हणत होता, सात म्हणजे पुष्कळ झाले, आपल्या पिकाचा तरी कुठे एवढा भरवसा असतो. रंगराव म्हणत होता, पाय गेले तरी एक वेळ चालेल, पण अन्नपूर्णेने आपलं मुताचं भांडं उचलत जन्म काढायचा, ते जिणं नको. मग तोच म्हणाला, "पण वाकता आलं पाह्यजे, निवृत्ती. काहीबी करून वाकता आलं पाह्यजे." त्याच्या आवाजात पाच महिन्यांत पहिल्यांदा धुगधुगी होती.

हेच अन्नपूर्णेला असह्य झालं. सांगावं तर नवऱ्याच्या तोंडचा घास जाणार, आणि तोही आपल्या पायापायी. न सांगावं तर ती जड गोळी मोडक्या हाडावर बसणार. सासूचा धाक होता, लोकांची भीती होती, पण खरं सांगायचं तर तिला सगळ्यात जास्त भीती रंगरावच्या डोळ्यांची होती. ते डोळे कळल्यावर कसे बघतील? तिने दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी हवं का, असं विचारलं.

गोळीचंच ठरलं, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. मागोमाग डॉक्टर आले. पेन निवृत्तीच्या हातात गेलं आणि अन्नपूर्णा एकदम बोलली.

"डाक्तरसाहेब, म्या याईच्या पाठीवर पाय देल्ता."

"काय दिलं होतं?"

"पाय. मी पायाळू हाय. पोतं उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी म्या सारा भार टाकला. कडकन वाजलं. उसण निंगाली म्हणून गूळ वाटला आमी. पण हाड वाजलं, साहेब. माह्या टाचेखाली वाजलं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला. खिडकीपाशी जाऊन त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला, बराच वेळ धरला. "दिसत नाही," ते म्हणाले. "पण बारीक चीर फोटोत दिसतेच असं नाही. पहिल्या दिवशीच विचारलं होतं मी तुम्हाला."

निवृत्तीने कपाळावर हात मारला. "वयनी, आता सांगता?"

रंगराव बायकोकडे बघत होता. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला सोसलं असतं. तो नुसता बघत राहिला. गूळ वाटतानाचं आपलं हसणं त्याला आठवत असावं. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "उघडल्यावर दिसते काय, हाड मोडलं का नाही ते?"

"उघडल्यावर स्पष्ट दिसतं."

"मंग असं करा. उघडा. हाड धड असलं तं गोळी ठेवा. मोडलेलं असलं तं तुकडा काढा अन् शिवून टाका. नाही वाकता आलं तं नाही आलं. पण मोडक्या हाडावर गोळी ठेवू नोका. शबूद द्या."

"दिला," डॉक्टर म्हणाले. "तसंच करेन. साधं काम तास-दीड तासाचं. गोळी ठेवली तर तीन तास लागतील."

नर्सने कागद पुन्हा पुढे केला. निवृत्तीने पेन उचललं. रंगरावने पडल्या पडल्या हात आडवा घातला.

"तुह्या पायानं झालं ना?" तो अन्नपूर्णेला म्हणाला. "मंग सही बी तूच कर."

ग्रामशिक्षण मोहिमेत ती आपलं नाव लिहायला शिकली होती. पाच वर्षांत ते दोनदाच लिहिलं होतं. जोडाक्षरं आठवून आठवून तिने सही केली. एक अक्षर कागदाच्या रेघेखाली गेलं, ते तिने पुन्हा गिरवलं. मग रंगरावला आत नेलं. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेरच्या बाकावर दोघं दीर-भावजय बसली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तास झाला. अन्नपूर्णेचा डोळा दारावरून हलेना. आता दार उघडलं तर हाड मोडलेलं, म्हणजे ते तिनेच मोडलेलं. दार उघडलं नाही. दीड तास झाला. एक आया बादली घेऊन बाहेर आली तेव्हा अन्नपूर्णा उठून उभी राहिली, आणि आया बाजूने निघून गेली तशी मटकन बसली. दोन तास झाले आणि निवृत्तीचा चेहरा खुलायला लागला.

"वयनी, दोन झाले. म्हंजे गोळी ठेवून राह्यले. हाड धड निंगालं! तुमी उगाच जिवाले लावून घेतलं."

तिला रडू फुटलं. पाच महिन्यांचं साचलेलं सगळं डोळ्यांवाटे आलं. धड निघालं, धड निघालं, असं ती स्वतःशीच म्हणत राहिली. सव्वातीन तासांनी दार उघडलं. निवृत्ती चहा आणायला गेला होता. डॉक्टरांनी तिला एकटीलाच बाजूच्या खोलीत बोलावलं.

"गोळी बसली आहे," ते म्हणाले. "शीर मोकळी झाली. पायात ताकद येईल."

तिने हात जोडले. "धड होतं ना, साहेब?"

डॉक्टर टॉवेलने एकेक बोट पुसत होते.

"नाही. खालच्या मणक्याला तडा होता. जुळत आलेला, पण होता."

तिला आधी ते शब्दच कळले नाहीत. मग कळले. "तुमी तं शिवतो म्हणाले होते. शबूद देल्ता तुमी."

"बाई, उघडून समोर दिसल्यावर... एवढी चांगली जागा होती. गोळी हातात होती. नुसतं बंद करून यायचं मला जमलं नाही. मला वाटतं टिकेल. टिकायला हवी." ते तिच्याकडे न बघता बोलत होते, आणि एवढा शिकलेला माणूस त्या घडीला आपल्याच हाताच्या कसबाला भुलला होता, हे अडाणी अन्नपूर्णेला लख्ख दिसलं. तिचा संताप झाला. पण संतापून बोलायचं काय? आपण तरी कोणत्या तोंडाने?

"अन् नाही टिकली तं?"

"सहा महिने जपायचं. वजन उचलायचं नाही. पण अकराव्या-बाराव्या दिवशी उभं राहायला हवं, चालायला हवं. पडून राहिले तर पाय सुकतील आणि मग सगळंच वाया. चाललेच पाहिजेत." ते दारापाशी थांबले. "यातलं त्यांना काही सांगू नका. भ्यालेला माणूस पाऊल टाकत नाही."

"गोळी काढता नाही येत?"

"ती काढणं ठेवण्यापेक्षा अवघड आहे."

निवृत्ती चहा घेऊन आला तेव्हा ती बाकावर बसलेली होती. त्याने हसून कप पुढे केला, तिने तो घेतला आणि संपवला. कोणाला काही सांगितलं नाही. एकदा न बोलून तिने नवऱ्याला इथवर आणलं होतं, एकदा बोलून पाहिलं होतं, आणि दोन्हींतून एकच निघालं होतं.

रंगरावचा पाय खरोखर जागा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने अंगठा हलवला, चौथ्या दिवशी टाच ओढून घेतली. मुंग्या गेल्या, कळ गेली. त्याचं बोलणं बदललं, खाणं वाढलं. बायकोशी तो आता नेहमीपेक्षाही मऊ वागायचा, कारण निवृत्तीने त्याला तीन तासांची गोष्ट पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकली होती. "तुले टोचून बोललो त्या दिवशी," तो एकदा म्हणाला आणि तिचा हात हातात घेऊन पडून राहिला. तिला आपला हात ओढून घ्यावासा वाटला. ती पाणी आणायला उठली.

डॉक्टर रोज यायचे, पाय पाहायचे, खूश होऊन जायचे. अन्नपूर्णेच्या डोळ्याला डोळा द्यायचं मात्र टाळायचे.

बाराव्या दिवशी सकाळी रंगरावला उभं करायचं ठरलं. कमरेला जाड पट्टा बांधला. एका बाजूने नर्स, दुसऱ्या बाजूने निवृत्ती. डॉक्टर चार हातांवर उभे होते. रंगराव खाटेच्या काठावर बसला, पाय जमिनीला लावले आणि बायकांसारखा लाजून हसला. पाच-सहा महिन्यांनी त्याच्या तळपायाला फरशी लागली होती. त्याला उभं केलं. तो उभा राहिला. दोघांनाही त्याने बाजूला केलं आणि अन्नपूर्णेला जवळ बोलावून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि तिथेच अडला.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "टाका पाऊल."

रंगराव डॉक्टरांकडे पाहत नव्हता. तो तिच्या कानाशी वाकला, वाकता येतंय याचं त्याला भानही नव्हतं. हळू बोलला, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं.

"मले भेव वाटून राह्यलं, अन्नपूर्णे. ह्या लोकाईचा भरवसा नाही. त्या दिवशी तूच एकली खरं बोलली. म्हणून तुले इचारतो. हाड धड होतं ना? धड नसलं तं सांग, म्या असाच परत आडवा होतो."

तिने मान वर केली. पलीकडे डॉक्टर उभे होते, आणि आता पहिल्यांदाच ते तिच्याकडे सरळ बघत होते. आडवा झाला तर पाय सुकणार. पाऊल टाकलं तर भार त्या तडकलेल्या हाडावर येणार, आज, उद्या, शेतात, बंडीवर चढताना, जन्मभर. तिच्या खांद्यावरचा त्याचा हात घामाने ओला झाला होता. तो वाट पाहत होता.

"हाव," ती म्हणाली. "धड होतं. टाका पाऊल."

रंगरावने तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि पाऊल टाकलं.